कप म्हणजे कप

"बसत न्हाय," असं म्हणून हिंदुराव तात्या आमच्या दारात तासभर उभे राहायचे. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताचा चाळा सदऱ्याच्या बटणाशी. आई खुर्ची पुढे सरकवायची, तात्या ती पायाने हळूच मागे सारायचे. चहा उभ्याने, गप्पा उभ्याने, कुणाच्या मयताची बातमीसुद्धा उभ्यानेच. समोर एवढा धिप्पाड माणूस ताटकळत असला की बसलेल्याला उगाच अपराधी वाटतं, म्हणून माझे वडीलही उठायचे आणि मग दोघे उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून बोलायचे. वडील त्यांना "रामराम तात्या" म्हणायचे आणि ते वडिलांना "जय भीम साहेब" म्हणायचे. वडील बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते, साहेब कुणाचेच नव्हते.

ही नव्वदच्या दशकातली घणसोली. चार मजली इमारती, लिफ्ट नाही, नळाला पाणी पहाटे दीड तास, आणि वारा फिरला की कारखान्यांचा उग्र वास थेट जेवणाच्या ताटात. आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक निकमांचं. निकमांच्या घरात तीन माणसं: तात्या, त्यांची बायको अनुसया, जिला मी काकी म्हणायचे, आणि मुलगा संभाजी. मी नुकतीच डीएमएलटी होऊन कोपरखैरण्याच्या एका छोट्या लॅबमध्ये लागले होते. रक्त काढायचं, लघवी तपासायची, रिपोर्ट लिहायचे. स्वभावाने मी तडतडी. आता पन्नाशी उलटली तरी तशीच आहे, त्यामुळे तात्यांचं नि माझं जमायचंही लगेच आणि वाजायचंही लगेच.

तात्या मूळचे खटाव तालुक्यातले. विशीत मुंबईला आले आणि कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहत वाहत, बाजार हलला तेव्हा त्याच्याबरोबरच तुर्भ्याला आले. शेवटची काही वर्षं ते टोळीचे मुकादम होते. मग रिटायर झाले, पण ते त्यांच्या अंगाला कुणी कळवलं नव्हतं. खाली गॅसची गाडी लागली की दुसऱ्याचा सिलिंडर खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर. कुणाचं दळण आणायचं असलं, कुणाचं कपाट चढवायचं असलं, तात्या हजर. काम नसलं तर नुसते जिने चढायचे आणि उतरायचे. रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज गच्चीकडे जायचा, तिथून खाली, पुन्हा वर. मी अभ्यास करताना चिडून दार लावून घ्यायचे.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षर पाहिलं की मान वळवायचे. पण बोललेला शब्द मात्र असा पकडायचे की बोलणाऱ्याने कानाला खडा लावावा. बाजारातली एक गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. एका व्यापाऱ्याचा मुलगा पास झाला म्हणून तो खुशीत म्हणाला, "तात्या, आज टोळीचा चहा माझ्याकडून." सकाळी सातला चौदा माणसं चहा पिऊन आली. दहाला पुन्हा गेली. दोनला पुन्हा. व्यापारी वैतागला, तेव्हा तात्या हात जोडून म्हणाले, "शेठ, तुमी 'आज' म्हनालात. आज आजून सपला न्हाय." पुढे तो व्यापारी म्हणे त्यांच्याशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायचा.

आमच्या सोसायटीलाही हा हिसका बसला होता. पाण्यावरून मीटिंगमध्ये भांडण पेटलं आणि सेक्रेटरी तात्यांवर ओरडला, "एवढी कळकळ आहे ना, मग तुम्हीच बघा पाण्याचं!" दुसऱ्या दिवशी तात्या त्याच्या दारात. "किल्ल्या द्या." कसल्या किल्ल्या? "टाकीच्या. काल चाळीस मान्सांम्होरं तुमी मला नेमलंय." त्यानंतर सलग दोन वर्षं तात्यांनी पहाटे उठून कॉक फिरवला आणि चौथ्या मजल्याला पहिल्यांदा पुरेसं पाणी मिळालं. सेक्रेटरी बिचारा आपण नक्की काय बोललो ते शेवटपर्यंत आठवत राहिला.

आणि दूध. तरणेपणी तात्या तालमीत होते. बाजारातल्या कामगारांच्या कुस्त्या व्हायच्या, त्यात त्यांनी एक मोठा कप मारला होता. त्यांच्या घरातल्या शोकेसमध्ये तो मधोमध असायचा, पितळी, दोन कानांचा, काळवंडलेला. "भात खाऊन मानूस जगतो," ते म्हणायचे, "पर दूध पिऊन मानूस दिसतो." कुणाच्या घरी बाळ जन्मलं की पहिला प्रश्न "दूध कुनाचं? म्हशीचं न्हवं?" पिशवीतल्या दुधाला ते दूध म्हणत नसत, "धुवन" म्हणत. काकी ते चहापुरतं आणायच्या आणि तात्यांच्या नजरेआड तापवायच्या.

तर अशा माणसाला मधुमेह झाला. आधी तहान लागायला लागली. मग न्हाणीघरात मुंग्यांची रांग लागली, ती काकींनी पाहिली आणि दबक्या आवाजात मला सांगितलं. मी बाटली नेली. आमच्या लॅबमध्ये तेव्हा निळं द्रावण परीक्षानळीत उकळून त्यात लघवीचे थेंब टाकायचे. साखर असेल तशी नळी निळ्याची हिरवी, पिवळी आणि पार विटकरी व्हायची. तात्यांची थेट विटकरी. रक्तातली साखर तीनशेच्या वर. मी सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "म्हंजे आमच्या पोटात रंगपंचमी हाय म्हन की." आणि लगेच जिना उतरून निघून गेले. कुठे गेले, ते कुणालाच कळलं नाही. दिवेलागणीला घामाने ओले होऊन परत आले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पथ्याचा एक छापील कागद दिला, तोही इंग्रजीत. तो तात्या माझ्याकडे घेऊन आले. मला बसची घाई होती. मी एका खांद्याला पर्स अडकवून दारातच वाचायला लागले. साखर बंद, गूळ बंद, भात मूठभर, भाकरी दीड, केळं नको, चिकू नको. तात्या निमूटपणे ऐकत होते. "दूध, साय काढून, बिनसाखरेचं, एक कप."

"थांब. परत वाच."

"एक कप दूध. साय काढून. साखर न घालता."

"दूध चालंल म्हनतोय?"

"चालेल. एक कप."

"कपच लिवलंय? पेला न्हाय लिवलं?"

"कप लिहिलंय."

"कसला कप, त्ये लिवलंय?"

मला खाली बसचा हॉर्न ऐकू येत होता. मी कागद त्यांच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "अहो तात्या, कप म्हणजे कप!"

एवढंच. पुढे जे झालं त्यात माझा वाटा केवढा, याचा हिशोब मी अजून लावते आहे.

चार-पाच दिवसांनी इमारतीखाली कल्हईवाला बसला होता. भाता फुरफुरत होता, नवसागराचा धूर उठला होता, बायका पातेली घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यात तात्या. समोर निखाऱ्यावर तो कुस्तीचा कप, खालचा लाकडी ठोकळा काढलेला, आतून नुकताच चांदीसारखा पांढरा झालेला. "तात्या, कपाला कल्हई?" मी हसत विचारलं. "काळा पडला हुता," ते म्हणाले. मी बसच्या मागे धावले. शोकेसमधल्या वस्तूला बाहेरून पॉलिश करतात, आतून कल्हई कोण करतं, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

त्यानंतरचे तीन महिने तात्या हे सगळ्या घणसोलीचे आदर्श रुग्ण होते. चहा फिका. गूळ सोडला. संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन कपाळाला लावला आणि परत दिला. पहाटे पाण्याचा कॉक फिरवला की कापडी पिशवी घेऊन चालायला निघायचे ते दीड-दोन तासांनी यायचे. डॉक्टर दुसऱ्या रुग्णांना सांगायचे, "निकमांकडे बघा. या वयात रोज तळवलीपर्यंत जाऊन येतात." आणि रिपोर्ट? रिपोर्ट वाढत होते. तीनशे दहा, तीनशे चाळीस. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मी दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं, द्रावण बदललं, लॅबच्या साहेबांशी भांडले. साखर खरीच होती.

मग एके दिवशी काकींनी फरशी पुसताना रक्ताचे ठिपके पाहिले. दारापासून मोरीपर्यंत. तात्यांच्या डाव्या चपलेतून एक खिळा वर आला होता आणि पायाच्या अंगठ्यात घुसला होता, किती दिवसांपूर्वी ते देव जाणे. तात्यांना काही जाणवलंच नव्हतं. तळवा बधिर झालेला. डॉक्टरांनी जखम उघडून पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. साखर पंधरा दिवसांत खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. त्याहून उशीर झाला तर पाऊल. आणि तोवर चालायचं नाही, पाय वर घेऊन बसायचं.

बसायचं! मला त्यांचा तो चेहरा आठवतो. मरण सांगितलं असतं तर त्यांनी एखादा शब्द पकडला असता. "पाऊल" म्हटल्यावर ते नुसती बटणं सोडत आणि लावत राहिले.

आता घरात संशय शिरला. माणूस गोड खात नाही, रोज चालतो, आणि साखर चढतेच आहे. म्हणजे कुणीतरी चोरून चारतंय. कोण? संभाजी कारखान्यात तीन पाळ्यांत राबणारा मुलगा, बापावर जीव, पण डोकं तापट. त्याने साखरेचा आणि गुळाचा डबा ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. एका संध्याकाळी मी पट्टी बदलायला गेले होते, तेव्हा तो आईवर ओरडत होता. काकी म्हणत होत्या, "आरं, देवाशपथ न्हाय रं." तेवढ्यात त्याने त्यांच्या पदराची गाठ पाहिली. "काय हाय त्यात?" त्याने गाठ सोडली. सुपारीएवढा गुळाचा खडा खाली पडला.

काकींचं पित्त खवळायचं, त्यासाठी त्या गुळाचा खडा चघळायच्या. सगळ्या मजल्याला ते ठाऊक होतं. पण त्या क्षणी तो खडा फरशीवर पडला आणि संभाजी म्हणाला, "आय, तूच बाचा पाय कापायला निगालीस." काकींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्या रडल्या नाहीत, नुसत्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तात्या दारात होते. त्यांनी सगळं ऐकलं. "दिलं नसंल तिनं," एवढंच पुटपुटले आणि पट्टीचा पाय ओढत जिना उतरून गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. "दिलं नसंल" म्हणजे काय? शब्दाशब्दाचा कीस काढणाऱ्या माणसाला त्या वेळी एक सरळ "न्हाय" म्हणता येऊ नये?

पुढच्या आठवड्यात मला तळवलीला एका अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचं रक्त काढायला घरी जायचं होतं. पहाटेच गेले, कारण उपाशीपोटी घ्यायचं होतं. जुनं आगरी गाव, दोन घरांच्या मधून चिखलाची वाट, मागे गोठे. काम झालं आणि मी बाटल्या पेटीत ठेवत होते, तर मागच्या बाजूला धारेचा आवाज आला आणि त्यात ओळखीचा खाकरा. मी वळून गोठ्याकडे गेले.

तात्या बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होते. एका सपाट दगडावर, पाठ खांबाला टेकलेली, पट्टीचा पाय गोणपाटावर सरळ पसरलेला. दोन्ही हातांनी त्यांनी तो कुस्तीचा कप त्याच्या दोन्ही कानांनी धरला होता आणि डोळे मिटून फेसाळ दूध पीत होते. अंगात कुठे हालचाल नव्हती. बटणाचा चाळा नव्हता. मला क्षणभर पाऊल मागे घ्यावंसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी मी किंचाळले, "तात्या!"

त्यांनी मिशी पुसली. "काय गं, तू हितं?"

"हे काय चाललंय?"

"दूध पितोय. कागदावरचं."

म्हशीची मालकीण जनीबाय धार थांबवून बघत होती. ती म्हणाली, "कशाला वरडतंस गो पोरी? यो रोज येतंय. बोलला, डाक्तरान सांगलाय, एक कप दूद पी. मी एकच कप देतंय, जास्त नाय."

"एकच!" तात्या म्हणाले. "दुसरा कंदी घेतला न्हाय. इचार हिला. तूच म्हनालीस, कप म्हंजे कप."

माझ्या डोळ्यांपुढे कल्हईचा धूर आला, आणि चालायची बंदी मोडून कॉकच्या निमित्ताने पहाटे निघणारी ती कापडी पिशवीही. "तात्या, तुम्हाला कळत नव्हतं? घरी कपबशा नाहीत?"

"साखर कुठाय ह्यात? फिकं हाय. जीब लावून बघ."

"दुधाला स्वतःची साखर असते."

"आनि ती कुनी घातली? म्हशीनं?"

"हो, म्हशीनंच घातली!"

जनीबायला हसू फुटलं. तात्याही हसणार होते, पण माझ्या तोंडाकडे बघून थांबले. मी म्हणाले, "चला घरी." रिक्षात ते बसले खरे, पण घणसोलीपर्यंत पुढची दांडी धरून अर्धवट उठलेलेच होते.

घरी काकी एकट्या होत्या, संभाजी पहिल्या पाळीला गेला होता. मी कुस्तीचा कप जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "काकी, तुमचा रोजचा चहाचा कप आणा आणि पाण्याची कळशी." त्यांनी काही न विचारता आणलं. मी सांगितलं, तात्या काय पितात आणि कुठे. मग म्हणाले, "ओता यात. मोजत ओता."

काकी खाली बसल्या. एक. दोन. तीन. पाण्याचा आवाज कपात घुमत होता. तात्या दाराच्या चौकटीला हात लावून उभे. चार. पाच. सहाव्याला ते म्हणाले, "बास."

काकींनी वर पाहिलं. "बास कसं? भरू दे की." आणि ओतत राहिल्या. सात. आठ. नऊ. नवव्या कपाला पाणी काठाशी आलं आणि थोडं फरशीवर सांडलं. काकींनी पदराने ते टिपलं. तोच पदर, ज्याची गाठ पोराने सोडली होती. मग त्या उठून आत गेल्या आणि भाकरी थापायला लागल्या. तात्या बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभे होते. त्यांना पकडायला एकही शब्द कुणी दिला नव्हता.

संभाजीला मी सांगायला हवं होतं. काकींनी मला अडवलं. "तू न्हाय सांगायचं," म्हणाल्या. "ज्यानं सांगायचं त्यानं सांगू दे." आणि तात्या सांगत नव्हते. नऊ दिवस मी वाट पाहिली. ते दूध आता चहाच्या कपाने प्यायचे, साय काढलेलं, एकच, काकींच्या हातचं. इन्शुलिनची सुई सुरू झाली. साखर झरझर उतरली, दोनशेच्या खाली आली. मी रिपोर्ट घेऊन पळत आले, पण तोवर अंगठा काळा पडला होता. मी पट्टी सोडली आणि वासानेच कळलं.

आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा जीव मुठीत धरतो आणि मला तसं आवडत नाही: पाऊल वाचलं. अंगठ्यावर निभावलं. तात्या पुढे बरीच वर्षं चालले, थोडे लंगडत, पण चालले. मात्र त्या दिवशी, वाशीच्या त्या दवाखान्यात, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सुट्टी टाकून गेले होते. संभाजी औषधांची पिशवी धरून भिंतीशी उभा, काकी बाकावर अंग चोरून. तात्या चाकांच्या खाटेवर, अंगात हिरवा झगा, आणि दर मिनिटाला उठून बसणारे.

नर्स घाईत होती. फॉर्म आणि शाईचा पॅड घेऊन आली. "बाबा, इधर अंगठा."

"कंचा?" तात्या म्हणाले. "हाताचा का पायाचा?"

नर्सला समजलं नाही. आम्हाला कुणालाच हसू आलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, वाच. आज बसची घाई करू नगंस. शब्द न् शब्द वाच."

मी वाचलं. डाव्या पायाचा अंगठा. भूल. धोका. "आवश्यकता भासल्यास पाऊल घोट्यापर्यंत." ते ऐकत होते. मला वाटलं, आता "आवश्यकता" पकडतील, कुणाची आवश्यकता म्हणून विचारतील. त्यांनी काही पकडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता ह्यात एक वळ वाडव. हिनं मला साखर चारली न्हाय, म्हनून."

"तात्या, या फॉर्मवर तसं लिहिता येत नाही."

"मग दुसऱ्या कागदावर लिव. त्याबिगार मी अंगठा देत न्हाय."

नर्स हिंदीत कुरकुरली. माझ्या पर्समध्ये त्यांचाच एक जुना रिपोर्ट होता, तीनशे चाळीसचा. त्याची मागची बाजू कोरी होती. मी गुडघ्यावर धरून लिहिलं आणि वाचून दाखवलं: "मी, हिंदुराव निकम, लिहून देतो की माझी पत्नी अनुसया हिने मला कधीही साखर किंवा गूळ दिला नाही. मी माझ्या मनाने जास्त दूध प्यालो."

"'मनानं' नको," तात्या म्हणाले.

"मग काय लिहू?"

"'लबाडीनं' लिव."

मी 'मनाने' खोडलं आणि वर 'लबाडीने' लिहिलं. संभाजी भिंतीपासून सुटून जवळ आला होता. "कसलं दूध?" त्याने मला विचारलं. तात्यांनी पॅडवर अंगठा घोळवला आणि आधी त्या कागदावर उमटवला, नीट दाबून. मग संभाजीकडे न बघता म्हणाले, "तुला सई येती. साक्षीदार म्हनून कर."

संभाजीने कागद दोनदा वाचला. सही करून तो आईकडे गेला नाही. जाववलंच नाही त्याला. तिच्यापासून दोन हातांवर मान खाली घालून उभा राहिला.

नर्सने फॉर्म पुढे केला. तात्यांनी त्यावरही अंगठा दिला, शाई डोक्याच्या पांढऱ्या केसांना पुसली आणि वॉर्डबॉयला म्हणाले, "मी चालत येतो की रं." त्याने खांद्याला धरून त्यांना आडवं केलं. खाट वळली, दार उघडलं, आणि मला त्यांचे दोन्ही तळवे दिसले, भेगाळलेले, एक पट्टीचा आणि एक उघडा. मग दार मिटलं.

काकींनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, बोटाने शाई वाळली का ते चाचपलं.

"ह्यात माजं नाव कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी 'अनुसया'वर बोट ठेवलं आणि दार उघडेपर्यंत उचललं नाही.